दुसऱ्यांदा दिलेले विरजण

गोदाकाठच्या प्रतिष्ठान नगरात एक राजा न्यायाने राज्य करीत होता, त्या पूर्वकाळी बोधिसत्त्व निळाऱ्यांच्या कुळात जन्माला आला होता. सोमिल हे त्याचे नाव. कापडाला निळा रंग देणाऱ्यांची त्या नगरात एक आळीच होती, आणि आळीच्या पंचमंडळींचा तो प्रमुख होता.

त्याच आळीत नागसिरी नावाची बाई कालक निळाऱ्याकडे कामाला होती. रंगवलेले कापड घाटावर धुवायचे आणि वाळत घालायचे, एवढेच तिचे काम. निळीचे रांजण आतल्या खोलीत झाकलेले असत, परक्याला तिथे पाऊल टाकू देत नसत. त्यामुळे नागसिरीने जन्मभर कापड पाहिले ते निळे झालेलेच पाहिले. पाण्यात राहून तिच्या हातांना भेगा पडल्या, तेव्हा कालकाने तिला काढून टाकले. "हात गेले, तसं कामही गेलं," एवढेच तो म्हणाला.

नागसिरी पोटभर रडली. मग तिने ठरवले, आता दुसऱ्याचे धुवायचे नाही, स्वतःचे रंगवायचे. एक जुना रांजण मिळवला. आळीत कानावर पडले होते तसे त्यात पाणी, चुना, नीळ आणि टाकळ्याचे उकडलेले बी घातले. घाटावर ओळख झालेल्या धनगुत्त व्यापाऱ्याकडून रंगवायला एक कापड मागून आणले. तो म्हणाला, "हे चांगलं उतरलं तर तांड्याचं सगळं कापड तुझ्याकडे. बिघडलं तर मात्र पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

पण रांजण काही जागा होईना, नीळ आंबेना. दुधाला विरजण लागते तसे नव्या रांजणाला जुन्या रांजणातले लोटाभर पाणी लागते, आणि ते घराबाहेर द्यायचे नाही अशी त्या आळीची चाल होती. बापाने लेकाला द्यावे, सासूने सुनेला द्यावे, बस्स. नागसिरी दारोदार फिरली. कोणाचा रांजण आजारी निघाला, कोणाची सून नेमकी माहेरी गेलेली निघाली.

शेवटी ती सोमिलाच्या दारात उभी राहिली. "बाबा, लपवाछपवी नको," ती म्हणाली, "कापड धनगुत्ताचं आहे. म्हणजे तुमचंच गिऱ्हाईक."

सोमिल क्षणभर तिच्या हातांकडे पाहत राहिला. "त्याला गडद निळा आवडतो," तो म्हणाला, "दोन-तीनदा बुडवावं लागेल. आणि पोरी, कापड बाहेर काढलंस की आधी वाऱ्याला दाखव. काय बोलायचं ते मग बोल." असे म्हणून त्याने तिचे मडके भरून दिले. नागसिरीने हो हो म्हटले खरे, पण आनंदाच्या भरात तिने किती ऐकले ते तिलाच ठाऊक.

काही दिवसांत रांजणावर तांबूस फेस आला. नागसिरीने देवाचे नाव घेऊन कापड बुडवले, बाहेर काढले आणि पाहते तो काय! कापड ओल्या हरभऱ्यासारखे हिरवे होते.

वास काढत कालक कुंपणाशी आलाच होता. रांजणातून निघताना प्रत्येक कापड हिरवेच असते, वारा लागला की निळे होते, हे त्याला पुरेपूर ठाऊक होते. तरी तो हळहळत म्हणाला, "अगं, सोमिलाने कुजकं विरजण गळ्यात मारलंय तुझ्या. गिऱ्हाईक कोण सोडतो का असं? ओतून टाक ते, नाहीतर सगळं अंगण नासेल."

धीर नसलेल्याचे कान भरायला वेळ लागत नाही. नागसिरीने रांजण कलता केला, सगळे पाणी मातीत सोडले, कापडाचा बोळा करून काखेत मारला आणि तरातरा सोमिलाच्या अंगणात गेली. तिथे पंचमंडळी बसली होती. मागोमाग कालकही येऊन बसला.

"बघा तुमच्या प्रमुखाचं दान!" ती ओरडली. "तोंडावर गोड आणि पोटात विष! मला भिकेला लावायचं होतं तर तसं सांगायचं!" आणि तिने तो बोळा सर्वांसमोर उलगडला. घड्यांच्या आत कापड हिरवेगार होते. गोदेवरून वारा येत होता. आधी काठ निळे झाले, मग हळूहळू मधला भाग. नागसिरीच्या जिभेवरची पुढची शिवी जिभेवरच राहिली. तिने हातांकडे पाहिले, तर तेही निळे.

सोमिलाने एवढेच विचारले, "रांजण?"

"ओतला," ती पुटपुटली.

मंडळी हसली, कालक सर्वांत मोठ्याने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपल्याच हाताने आपले घर बुडवून ती परत जायला वळली. आता घाटावरचे धुण्याचे कामही तिला कोणी देणार नव्हते.

"थांब. मडकं देतो, ते घेऊन जा," सोमिल म्हणाला.

कालकाचे हसू थांबले. "प्रमुख, एकदा आम्ही डोळ्यांवर कातडं ओढलं. आता दिलंत तर त्या आसनावर बसता येणार नाही." मंडळींनी माना हलवल्या.

सोमिल आसनावरून उठला. "आसन इथंच आहे. ज्याला बसायचं त्याने बसावं," तो म्हणाला आणि आत जाऊन विरजण घेऊन आला.

नागसिरीला ते घेववेना. "बाबा, चारचौघांत शिव्या दिल्या मी तुम्हाला."

"दिल्यास. त्याने काही माझी नीळ नासली नाही."

पुढे तिचे कापड गडद उतरले आणि धनगुत्ताचा तांडा तिच्या दारी थांबू लागला. कालक प्रमुख झाला. सोमिल मात्र खेडुतांची जाडीभरडी धोतरे रंगवीत राहिला, आणि त्याला त्याचे काही वाटले नाही. नागसिरीच्या दारात कोणी रिकामे मडके घेऊन आले तर ती भरून देई. तेच माणूस भांडायला परत आले, तर ती आधी विचारी, "वाऱ्याला दाखवलंस का?" आणि पुन्हा भरून देई.

ही कथा सांगण्याचे निमित्त असे: चीवर, म्हणजे भिक्षूंचे वस्त्र, रंगवण्यात निष्णात असलेल्या एका वृद्ध भिक्षूने एका नवख्याला रंगासाठी झाडाच्या सालींचा काढा करायला शिकवले होते. नवख्याने काढा बिघडवला आणि दुसऱ्या एकाच्या सांगण्यावरून दोष वृद्धावरच ठेवला. "आता याला पुन्हा शिकवणे नाही," असे वृद्ध म्हणाला, तेव्हा भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "भिक्षूंनो, हा नवखा भिक्षू तेव्हा नागसिरी होता, त्याचे कान भरणारा कालक होता, आणि सोमिल तो मीच. पहिल्यांदा विरजण दिले ते दान. शिव्या ऐकून दुसऱ्यांदा दिले ती क्षांती, म्हणजे क्षमा."