फाटकाचा रंग तेवढा विचारला

एका नगरात, अगदी भर वस्तीत, एक जुनी बाग होती. देखणी म्हणावी अशी नव्हती. पण सकाळी तिथल्या कट्ट्यांवर म्हातारी माणसं ऊन खात बसत, दुपारी पोरं सूरपारंब्या खेळत आणि संध्याकाळी भागूबाई शिंपीण आपल्या पांगळ्या नवऱ्याला हातगाडीवर बसवून चिंचेखाली आणी. दिवसभर घरात पडून असलेला तो माणूस तिथे आला की चार शब्द बोले.

राजाच्या मनात आलं, बाग नवी करावी. "लोकांना विचारून करा," असं त्याने प्रधानाला बजावलं.

प्रधानाने लोकांना बोलावलं खरं, पण तोवर चिंचेचं झाड तोडून झालं होतं. कट्टे उखडले होते. जागोजागी संगमरवरी हरणं उभी होती आणि आत शिरायला उंच पायऱ्या बांधल्या होत्या.

"बोला मंडळी," प्रधान हसत म्हणाला, "फाटकाला रंग कुठला देऊ? हिरवा की निळा?"

कुणी हिरवा म्हणालं, कुणी निळा. भागूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ताडकन उठली.

"रंग कसला विचारता? या पायऱ्यांवरून माझ्या माणसाची गाडी चढायची कशी? म्हाताऱ्यांनी टेकायचं कुठे? झाड तोडताना विचारलंत का कुणाला?"

"झालं ते झालं, बाई. रंग सांगायचा तर सांगा."

"नाही सांगत! आमच्या तोंडून रंग वदवून घ्याल आणि राजाला सांगाल, लोकांना विचारून केलं. या लबाडीत मी नाही!"

ती तरातरा निघाली. तिच्यामागून हिरवा म्हणणारेही उठले आणि निळा म्हणणारेही.

बाग उघडायच्या दिवशी राजा आला. आत चिटपाखरू नव्हतं. सगळी वस्ती बाहेर, रस्त्याच्या धुळीत बसली होती.

"आत का जात नाही?" राजाने विचारलं.

"महाराज, आम्हाला फाटकाचा रंग तेवढा विचारला," भागूबाई म्हणाली. "बाग विचारलीच नाही."

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाची मान खाली गेली.

राजाच्या हुकमाने पायऱ्या फोडल्या गेल्या, हरणं हलवली गेली. मग प्रधान रोज वस्तीत येऊन बसू लागला. लोकांनी सांगितलं तिथे कट्टे आले, गाडीसाठी उतार झाला, चिंचेचं नवं रोप लागलं.

"आता तरी राग गेला ना?" प्रधानाने भागूबाईला विचारलं.

"या रोपाची सावली पडायला माझा जन्म जाईल," ती म्हणाली. "तोवर राहू द्या राग."

तात्पर्य: सगळं उरकल्यावर विचारणं म्हणजे थट्टा; जागा ज्यांची, त्यांना कुदळ पडण्याआधी विचारावं.