न मावळणारा सूर्य आणि फसलेली परी

उत्तरेच्या अगदी टोकाला, बर्फाच्या समुद्रात, एक इवलंसं बेट होतं. बेटावर एक डोंगर. डोंगर कसला, भिंतच ती! समुद्रातून उठायची ती थेट ढगात. तिथल्या कपारींत पांढरीशुभ्र पाखरं आपल्या पोटाची मऊमऊ पिसं पिल्लांखाली अंथरायची. पिल्लं उडाली की गावकरी दोरावरून कड्यात उतरायचे आणि ती पिसं आणून दुलया भरायचे. त्याआधी मात्र एका पिसालाही हात लावायचा नाही, अशी तिथली रीत.

त्या गावातल्या छोट्या उन्नीचे बाबा समुद्रावर गेले ते परतलेच नाहीत. आईला काही दोर पेलवेना. मग दुलई कुठली? हिवाळ्यात उन्नीचा धाकटा भाऊ आस्क नुसता कुडकुडायचा. यंदाची थंडी त्याला सोसेल का, या काळजीनं आईला घास गोड लागत नव्हता.

एकदा डोंगराच्या पायथ्याशी, पिवळ्याधमक फुलांच्या ताटव्यात, उन्नीला बोटभर उंचीची परी दिसली. तिचा चमचमता पंख दगडाच्या फटीत अडकला होता. उन्नीनं तो अलगद सोडवला.

"गुणाची गं माझी बाय!" परी म्हणाली. "माग एक वर. सूर्य मावळला की मिळेल. तोवर मी इथून हलायची नाही. परीचा शब्द!"

"माझ्या आस्कला दुलई द्या," उन्नी म्हणाली आणि तिला हसू फुटलं. "पण परीताई, आमच्याकडे उन्हाळाभर सूर्य मावळतच नाही!"

"अगं बाई! मी पडले दक्षिणेकडची!" परीनं कपाळाला हात लावला. "घरी माझं तान्हुलं वाट बघतंय गं. तू 'जा' म्हणालीस तरच मी सुटेन. पण मग वरही गेला."

उन्नीला आस्कचे निळे पडलेले ओठ आठवले. तरीही ती म्हणाली,

"जा परीताई. बाळ भुकेलं असेल."

परीनं तिचा गालगुच्चा घेतला. "वर गेला तर गेला, आशीर्वाद कुठं जातोय!" असं म्हणत ती गुलाबी, सोनेरी, निळ्या उजेडात विरघळून गेली.

पिल्लं उडाली त्या दिवशी उन्नीच्या दारात पाखरांची ही झुंबड! प्रत्येकाच्या चोचीत एकेक पिसाचा गोळा. आईनं तिघं मावतील एवढी दुलई शिवली.

हिवाळा आला. बाहेर वारा घोंघावत होता, आत तिघं दुलईत शिरून बसली होती. इतक्यात आस्कनं पाय झाडले आणि जन्मात पहिल्यांदा कुरकुरला, "ताई, सरक ना तिकडे! उकडतंय!"

आईला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.