दरीतली सांज

एका डोंगरगावात एक नगारा होता. गाव पायथ्याला, नगारा मात्र वर माथ्यावरच्या देवळात. गावाला लागून खोल दरी, दरीत दाट रान, आणि रानात बिबट्या. म्हणून तिथली रीत अशी, की सांज व्हायच्या आधी नगारा वाजायचा आणि रानात गेलेली माणसं तो ऐकून घरची वाट धरायची.

जुना नगारची थकला, तेव्हा हे काम भिवाकडे आलं. भिवा नुकताच पठारावरून लेकीला घेऊन इथे राहायला आला होता. म्हातारा त्याला म्हणाला, "आधी एक दिवस दरीत जाऊन बस. इथं सांज कधी होते ते बघून घे."

भिवाला हसू आलं. "त्यात काय बघायचं, काका? सूर्य बुडायला टेकला की सांज. सूर्य काय गावागणिक वेगळा असतो?"

आता इतक्या शहाण्या माणसाला कोण काय सांगणार. म्हाताऱ्याने नगाऱ्याच्या काठ्या त्याच्या हाती दिल्या.

पहिल्या दिवशी भिवाची लेक सगुणा शेळ्या घेऊन दरीकडे निघाली. "बाबा, तुझा नगारा ऐकला की परत फिरते," ती म्हणाली.

भिवा वर देवळाच्या पायरीवर पश्चिमेकडे तोंड करून ऐसपैस बसला. सूर्य चांगला हातभर वर होता. सहज त्याने मागे वळून पाहिलं, तर खाली गावात दिवे लागलेले. "काय उधळी माणसं, उन्हात दिवे लावतात," तो पुटपुटला. मग त्याची नजर दरीकडे गेली आणि तो ताडकन उठला. डोंगराच्या सावलीने दरी कधीच गिळली होती. तळ काळाकुट्ट दिसत होता.

त्याने धावत जाऊन नगारा बडवायला सुरुवात केली. एकेक करून माणसं चाचपडत दरीतून वर गावात आली. सगुणा त्यांच्यात नव्हती. तेवढ्यात खालून बिबट्याचा आवाज आला.

म्हातारा धापा टाकत देवळात पोचला होता. भिवा म्हणाला, "काका, तुम्ही वाजवा. मी तिला शोधायला जातो."

"माझ्या हाताचा आवाज तळापर्यंत जायचा नाही," म्हातारा म्हणाला. "पलिते घेऊन चौघं उतरलेत. पोरीला अंधारात वाट दिसणार नाही, पण नगारा ऐकू येईल. थांबू नकोस."

भिवाचे पाय दरीकडे ओढ घेत होते आणि हात वाजवत होते. तळहात सोलले, काठ्या रक्ताने निसटू लागल्या, सूर्य बुडाला, तरी तो थांबला नाही. त्याला रडू येत होतं.

शेवटी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली. सगुणा तिचा कान घट्ट धरून वर देवळापर्यंत आली. एक करडू मात्र आलं नाही.

"अंधार पडला तेव्हाच का नाही निघालीस?" भिवाने तिला जवळ ओढत विचारलं.

"तू नगारा वाजवला नव्हतास ना," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

दुसऱ्या दिवशी भिवा दरीच्या तळाशी जाऊन बसला आणि अंधार होईपर्यंत हलला नाही. तेव्हापासून त्या गावात नगारा लख्ख उन्हात वाजतो. वाटसरू हसतात. भिवा त्यांना हसू देतो.

तात्पर्य: आपल्या शब्दावर जे विसंबून असतात, त्यांना वेळ सांगण्याआधी ते जिथे उभे आहेत तिथे जाऊन एकदा उभं राहावं.