कायमचा पत्ता

त्या राज्यात तितर कमी झाले होते. त्यांच्याविषयीची काळजी मात्र इतकी वाढली होती की एका तितरामागे तीन काळजीवाहू पडत.

वैशाखात माळावरच्या एका तितरिणीने सात अंडी घातली होती. बाभळीखाली गवताचे बेट, त्यात उथळ खळगा, वर वाळल्या कुसळांचे छप्पर. दोन हातांवरून कुत्रे गेले तरी त्याला गवतच दिसे. आधीची दोन घरटी गेली होती, त्यामुळे या खेपेला ती चरायलासुद्धा जीव मुठीत धरून जाई.

अशीच ती बोरीखाली दाणे टिपत असताना सर्वेक्षणाला निघालेला सरडा कारकून भेटला. साहेबांच्या मताप्रमाणे रंग बदलण्यात त्याची हयात गेली होती.

"राहता कुठे, बाई?"

"सकाळी धसकटांत, भर दुपारी इथं बोरीखाली, उन्हं कलली की बांधाला."

"ही भटकंती झाली. रकान्यात कायमचा पत्ता लागतो. एकच."

"नाही लिहिला तर?"

"तर तुम्ही नाहीच, असं धरतात."

तितरिणीचे अख्खे माहेर त्याच 'नाहीच'मध्ये गेले होते. तिने मुकाट्याने सरड्याला गवतापाशी नेले आणि चोचीने कुसळे बाजूला केली.

बगळेसाहेबांनी अहवाल वाचला. 'जागेचा प्रकार : पडीक.' साहेब दुखावले.

"संरक्षित पक्षी, आणि पडीक जागेत? लोक काय म्हणतील, सरडोपंत?"

"मी तेच म्हणतो, साहेब," सरडा पांढरा होत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी गवत कापले गेले. काटे उचलले, भोवती चुना फासलेले दगड मांडले. अंड्यांना धक्काही लागला नाही; तशी सक्त ताकीद होती. साहेबांनी फीत कापली आणि फलक उभा राहिला : 'तितराचे घरटे. शांतता राखा.' खाली बाण होता, अगदी नेमका.

मंडळी पांगल्यावर तितरीण धावत आली. अंड्यांवर बसली आणि आईने शिकवल्याप्रमाणे मान आखडून गवतासारखी निश्चल झाली. त्या जागेत गवतासारखे आता तेवढेच उरले होते.

उन्हे कलताना मुंगूस आले. त्याने फलक सावकाश वाचला, बाणाकडे पाहिले आणि मोठ्या अदबीने, पावलाचा आवाज न करता, पांढऱ्या दगडांच्या आत शिरले.