रिकाम्या टाकीवर

"बिघाड कुठे आहे, तेवढं सांगा, भन्ते."

भन्ते सुमंगल पायरीवर बसून दिगंबरचं ऐकत होते.

"इंजिनात नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो. सगळं खोललंय. आतला चिकटा काढलाय, नळी साफ केलीय, पिस्टन तपासलाय. नव्यासारखं झालंय. तरी चालत नाही."

"हं."

"म्हणजे बिघाड आहेच कुठेतरी…"

"आहेच," भन्ते म्हणाले.

ही गोष्ट जालन्याच्या बाहेर, माळावरच्या एका लहानशा विहारातली. वर पत्रा, पुढे ओटा, ओट्यावर एक जुनं टेबल. भन्ते तिथे एकटेच राहत.

भन्ते होण्याआधी ते हवाई दलात इंजिनाचे फिटर होते. कांबळे सर. निवृत्तीनंतर काही वर्षं कोल्हापुरात त्यांनी कॉलेजच्या मुलांना छोटी विमानं बनवायला शिकवलं. हलक्या लाकडाची विमानं, आणि त्यांच्या नाकावर बसणारी, मुठीत मावणारी इंजिनं. दिगंबर साळोखे हा त्यांचा सगळ्यात तयार विद्यार्थी. पुढे सरांनी चीवर घेतलं आणि ते इकडे निघून आले.

दिगंबरने कोल्हापुरात लेथचं वर्कशॉप टाकलं. पोट त्या लेथवर चाले, जीव मात्र जुन्या इंजिनांत. कुणाच्या वडिलांच्या ट्रंकेत, कुणाच्या माळ्यावर अशी इंजिनं पडून असत. इंधनात मिसळलेलं एरंडेल आत वर्षानुवर्षं गोठून त्यांचा दगड झालेला असे. लोक ती फडक्यात बांधून दिगंबरकडे आणत. तो ती जागी करी.

"माझ्या टेबलावरून मुकं इंजिन कधी परत गेलेलं नाही," असं तो चारचौघांत सांगे. आणि ते खरंही होतं.

गेल्या हिवाळ्यापर्यंत.

त्यानंतर एक इंजिन मुकंच परत गेलं. मग आणखी दोन. मग दिगंबरने नवीन घेणंच बंद केलं. कुणी आलं की, "सध्या वेळ नाही हो." वर्कशॉपमध्ये तो त्या टेबलाकडे पाठ करून बसू लागला.

शेवटी त्याने स्वतःचं पहिलं इंजिन बाहेर काढलं. तो शाळेत असताना वडिलांनी मुंबईहून आणलेलं. त्याच्यावरच तो शिकला होता. त्याची खोड न् खोड त्याला ठाऊक होती.

तेही चालेना.

तेव्हा मात्र तो घाबरला. इंजिन एका लाकडी पाटावर बोल्टने आवळलं, पाट गाडीत ठेवला आणि थेट जालना गाठलं.

"चालवून दाखव," भन्ते म्हणाले.

दिगंबरने पाट टेबलाला पक्का केला. इंजिनामागच्या छोट्या टाकीत रॉकेल, ईथर आणि एरंडेल यांचं मिश्रण भरलं. दोन थेंब वरून सोडले.

अशा इंजिनाला बॅटरी लागत नाही, ठिणगीही लागत नाही. पुढच्या पंख्याला बोटाने जोरात झटका द्यायचा. आतली हवा दाबली जाते, तापते, आणि इंधन पेट घेतं. सगळा खेळ त्या झटक्याचा.

दिगंबरने झटका दिला.

टप.

पुन्हा दिला. टप. पुन्हा.

"बघा. असंच करतंय."

त्याने आणखी थेंब सोडले. आतल्या हवेचा दाब वाढवणारा वरचा स्क्रू आवळला. झटका. आणखी थेंब. आणखी आवळला. इंजिनाच्या तोंडातून इंधन पाटावर ओघळू लागलं. ओट्यावर ईथरचा वास पसरला.

भन्ते इंजिनाकडे बघतच नव्हते. ते दिगंबरच्या हाताकडे बघत होते.

टेबलावर सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा पडला होता. भन्तेंनी तो पुढे सरकवला.

"हा चढवतोस बोटावर?"

"सर, मी आणि रबर?" दिगंबर हसला. मग चपापून म्हणाला, "भन्ते…"

"सर म्हटलंस तरी चालेल."

"नवशिके घालतात ते. कुणी काठीने फिरवतं. मला नाही लागत."

"बरं."

पुन्हा झटका. टप.

"हे कधी झालं?" भन्तेंनी विचारलं.

दिगंबरच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर पांढरी रेघ होती. पेरापासून थेट तळव्यापर्यंत.

"ते? जानेवारीत. इंजिन उलटं फिरलं, पंखा बसला. टाके पडले." त्याने बोट वळवून दाखवलं. "बघा. पूर्ण वळतंय. डॉक्टर म्हणाले, पहिल्यासारखं झालं."

"दुखतं?"

"अजिबात नाही."

"मग?"

"मग काय? मी बोटाचं विचारायला नाही आलोय, भन्ते. इंजिनाचं विचारायला आलोय."

आवाज जरा चढला होता. त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

भन्ते उठले.

टेबलापाशी आले. टाकीची नळी इंजिनातून उपसली, टाकी काढली आणि तिच्यातलं सगळं इंधन बाटलीत परत ओतलं. टाकी उलटी करून झटकली. रिकामी टाकी त्यांनी दिगंबरच्या हातावर ठेवली.

वरचा स्क्रूही त्यांनी थोडा सैल केला.

"आता फिरव."

"कसा? टाकी नाही."

"म्हणून तर."

"भन्ते, इंधनाशिवाय कसं चालेल?"

"चालव म्हटलं नाही मी. फिरव म्हटलं."

दिगंबरने टाकी बाजूला ठेवली. मनात म्हणाला, म्हातारपण आलं सरांना. पण हात पुढे केला. शिकवणारा माणूस सांगतोय म्हणून, दुसरं काही नाही.

टप. टप.

भन्ते पुन्हा पायरीवर जाऊन बसले. भिंतीला पाठ टेकली.

"दिगंबर, पन्हाळ्यावरून सोडलेलं तुझं विमान सापडलं का रे पुढे?"

"कुठलं? पिवळं?"

"पिवळंच. वाऱ्यात गेलं होतं ते."

दिगंबरच्या चेहऱ्यावरचा ताण जरासा हलला.

"सापडलं ना! तुम्ही गेल्यावर. उसात पडलं होतं." टप. "तोडणीला आलेल्या बाईला मिळालं."

"मग?"

"मला कुणीतरी सांगितलं. गेलो मी तिच्या खोपीवर, विमान मागायला." टप. "बघतो तर काय, बाईने ते पोराच्या झोळीवर टांगलेलं. पोरगं खाली पडून नुसतं त्याच्याकडे बघतंय."

"हं."

"मी ते सोडवायला हात लावला." टप. "आणि पोरगं असं भोकाड पसरून रडायला लागलं, असं रडायला लागलं, की मीच…"

तो बोलत होता. भन्तेंकडे बघून बोलत होता. हात आपला फिरत होता, पूर्ण, मोकळा, खांद्यापासून. कॉलेजात फिरायचा तसा.

"…मीच विमान परत बांधलं, आणि वर बाईला म्हटलं, दोरी जरा घट्ट करा, वाऱ्याने…"

इंजिन कडाडलं.

दिगंबर मागे उडाला. पंखा दिसेनासा झाला होता. त्याच्या जागी नुसती एक राखाडी चकती. निळा धूर ओट्यावर पसरला, टेबलावरचे कागद उडाले, बाहेर बाभळीवरची पाखरं उठली. इंजिन तारस्वरात ओरडलं, मग खोकलं, मग आणखी एकदा खोकलं…

आणि थांबलं.

धूर हळूहळू पांगला. दिगंबरने आपलं बोट पाहिलं. उलटंपालटं करून पाहिलं. जिथल्या तिथे होतं.

तो खाली फरशीवरच बसला. आधी हसला. मग हसताहसता डोळे भरून आले, ते त्याने तेलकट मनगटाने पुसले.

"फसवलंत मला!"

"टाकी बघ."

टाकी कोरडी होती.

"मग चाललं कशावर?"

"मघापासून तू काय ओतत होतास?"

दिगंबरने कपाळावर हात मारला.

"हे मला ठाऊक आहे, भन्ते! मीच लोकांना सांगतो. इंजिन तुंबलं की टाकी काढा, स्क्रू सैल करा आणि फिरवत राहा. आतलं जास्तीचं जळून जातं. शेकडो वेळा सांगितलंय. माझ्याच वेळी कसं आठवलं नाही?"

भन्तेंनी उडालेले कागद गोळा केले.

वारा सुटला होता. पत्रा मधूनच कुरकुरत होता.

"सर…"

"बोल."

"हात थांबतो. पंख्याला लागायच्या आधीच थांबतो. मला कळतं ते. पहिल्या दिवसापासून कळतंय."

"हं."

"पण हे कुणाला सांगू? साळोख्याचा हात भितो म्हणून? त्यापेक्षा इंजिनात खोट काढणं सोपं. तीन माणसांची इंजिनं मी खराब म्हणून परत दिलीत. चांगली होती ती… तिन्ही चांगली होती."

एवढं बोलून त्याने श्वास सोडला. इतका लांब, की जानेवारीपासून तो कोंडून ठेवला होता असं वाटावं. त्याचे खांदे खाली आले.

भन्तेंनी बाटली उचलली आणि त्याच्यासमोर धरली.

दिगंबरने टाकी भरली. नळी जोडली. मग टेबलावरचा ट्यूबचा तुकडा उचलला आणि बोटावर चढवला. भन्तेंकडे पाहिलंही नाही. लाजही वाटली नाही.

त्याने हात उचलला.

हात खाली आला, आणि पंख्याच्या अलीकडे थांबला.

"थांबला, सर."

"दिसलं."

"मग?"

"मग पुन्हा."

पुन्हा हात उचलला. पुन्हा थांबला. या वेळी दिगंबर स्वतःशीच हसला. कुणी पाहतंय, नाव जाईल, असलं काही डोक्यात नव्हतं. हात भीत होता, एवढंच. भिऊ दे.

तिसऱ्यांदा हात पूर्ण फिरला.

इंजिनाने एकदा उसळी घेतली आणि सूर धरला. दिगंबरने वरचा स्क्रू केसभर पिळला, इंधन कमीजास्त करणारी बाजूची सुई केसभर वळवली. कर्कश आवाज हळूहळू गोल झाला, एकसंध झाला. पाट थरथरत होता. एरंडेलाचे बारीक थेंब त्याच्या शर्टावर, चष्म्यावर उडत होते. चष्मा पुसायचंही त्याला सुचलं नाही.

खालच्या वस्तीतून कौसल्याबाई भन्तेंचा डबा घेऊन आल्या होत्या. एवढ्याशा यंत्राचा एवढा आवाज ऐकून त्या ओट्याच्या कडेलाच थबकल्या. एका हाताने कान झाकून हसू लागल्या.

कुणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

टाकी संपेपर्यंत इंजिन चाललं. संपलं तेव्हा आपणहून थांबलं. पंखा एकदोनदा डुलला आणि उभा राहिला. माळावर एकदम इतकं शांत झालं, की खाली वस्तीत कुणीतरी कपडे धोपटत होतं, तेही ऐकू आलं.

"येते हो भन्ते," कौसल्याबाई डबा ठेवून म्हणाल्या. "दोघांपुरतं आहे. गाडी दिसली म्हणून दोन भाकऱ्या जास्त घातल्यात." आणि त्या गेल्या.

दिगंबर अजून इंजिनापाशीच उभा होता. त्याने त्याच्यावर तळवा ठेवला. ते गरम होतं.

"कोल्हापूरला गेलो की आधी त्या तिघांकडे जातो. सांगतो, इंजिन चांगलं आहे, खोट माझ्यात होती. पुन्हा माझ्याकडे द्या म्हणतो."

भन्तेंनी मान डोलावली.

"पण सर… एक विचारू?"

"विचार."

"आता भीती गेली असं धरायचं का? की उद्या वर्कशॉपमध्ये उभा राहिलो की पुन्हा हात थांबेल?"

भन्तेंनी डब्याचं झाकण काढलं.

वाफ वर आली.

"हात धुऊन ये," ते म्हणाले, "गरम आहे तोवर बसू."