झोपाळ्याचं चाक

"...पण बुवा, ओढायचं कुठवर?"

मुकुंद तेंडोलकराच्या हातात दोरी होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला झोपाळा होता, आणि झोपाळ्यावर भिकोबाबुवा. डोळे मिटलेले.

झोपाळा पुढे गेला. मागे आला.

"मी विचारतोय, उपदेश कधी देणार?"

"ओढतोयस ना?"

"ओढतोय."

"मग झालं तर."

...

मुकुंदाला हे उत्तर नवं नव्हतं. गणपती आले नि गेले, दिवाळी झाली, शिमगा तोंडावर आला, उत्तर तेच होतं.

मुकुंद साधासुधा माणूस नव्हता. पंपांच्या कारखान्यात फोरमन होता तो. पंपाला नुसता कान लावून त्याचं दुखणं सांगायचा. एक दिवस त्याला वाटलं, यंत्रं सगळी कळली, आता परमेश्वर तेवढा राहिला. निरोपसमारंभात हार घालून घेतला, भाषण केलं, आणि तळकोकणातल्या या मठात येऊन दाखल झाला. रिकाम्या हातानं परत जायची सोय त्यानं स्वतःच ठेवली नव्हती.

मठ म्हणजे सुपारीच्या बागेतलं एक कौलारू घर. ओटीवर झोपाळा. बुवांचे गुडघे गेलेले, पायानं रेटा देता येत नसे. म्हणून मागच्या पडवीत बसून कुणीतरी दारातून दोरी ओढायची, ही सेवा. सेवा पाळीपाळीनं होती. पण मुकुंद आल्यापासून इतरांना भराभर दुसरी कामं आठवू लागली.

ओढण्याचंही त्याला काही नव्हतं. दुःख वेगळंच होतं. बुवा बोलायचे ते झोक्यावर. झोपाळा पुढे गेला की वाक्य ओटीवरच्या मंडळींकडे जाई, मागे आला की पडवीत नुसतं शेपूट येई.

"...म्हणून देव."

"...तसा माणूस."

"...आणि मग वांगी."

एवढ्यावर ज्ञान कसं व्हायचं?

शेवटी त्यानं धीर केला.

"बुवा, पडवीमागच्या पाटाचं पाणी फुकट जातंय."

"फुकट कुठे? सुपारीला जातंय."

"जाता जाता झोपाळा ओढील."

बुवांनी एक डोळा उघडला.

"पाण्याला उपदेश हवाय?"

"पाण्याला? ...नाही."

"मग लाव कामाला."

झालं! मुकुंदाच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्यानं फणसाच्या फळ्या कापल्या, पाटावर पाणचक्र बसवलं, त्याचा आस पडवीत आणला. चक्र फिरू लागलं. पण चक्र फिरतं गोल, आणि झोपाळा जातो पुढेमागे. गोल फिरण्यातून पुढेमागे होणं काढायचं, खरी मेख तिथे.

त्यानं आसाच्या टोकाला एक जाड लाकडी तबकडी ठोकली. तबकडीवर खुंटी. खुंटीला लांब दांडा, आणि दांड्याचं दुसरं टोक दारातून झोपाळ्याला. तबकडी फिरली की खुंटी गोल फिरे, आणि दांडा झोपाळ्याला ढकलून पुन्हा ओढून घेई.

एवढ्यावर थांबला तर तो तेंडोलकर कसला! तबकडीला त्यानं मध्यापासून कडेपर्यंत सरळ खाच पाडली. खुंटी खाचेत सरकवायची आणि पाचर ठोकून घट्ट करायची. मध्याजवळ ठेवली तर झोका वीतभर. कडेला नेली तर थेट भिंतीपर्यंत.

"हवा तेवढा झोका," तो सगळ्यांना सांगत सुटला. "जगात झोपाळे पुष्कळ असतील. पण असा...!"

पहिल्या चाचणीत पाचर सुटली ती बंदुकीच्या गोळीसारखी स्वयंपाकघरात गेली आणि लोणच्याची बरणी फोडून थांबली. मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या सुभद्राकाकू पळी घेऊन बाहेर आल्या.

"मेल्या, देव शोधायला आलास की माझं लोणचं?"

बुवा झोपाळ्यावरून म्हणाले, "दोन्ही मुरायला वेळ लागतो, सुभद्रे."

उद्घाटनाला ओटी भरली. मुकुंदानं उत्साहाच्या भरात खुंटी अगदी कडेला ठेवली आणि पाटाचं पाणी अडवणारी फळी वर उचलली.

बुवा भिंतीकडे गेले. बुवा परत आले. पागोटं भिंतीपाशीच राहिलं.

"नारायण!" बुवा ओरडले.

परत भिंत.

"नारायण! ...नारायण!"

लोकांना वाटलं, बुवांना भाव चढला. सगळ्यांनी हात जोडले. व्यापारी गोपाळशेट तर आडवेच पडले, त्यामुळे वरून जाणारा झोपाळा त्यांना लागला नाही एवढंच. मुकुंद धावत जाऊन फळी पाडेपर्यंत मठात जसा नामगजर झाला, तसा पुन्हा कधी झाला नाही.

झोपाळा थांबला. बुवांनी सावकाश श्वास घेतला.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "फक्त माझं पोट अजून पलीकडे आहे. येईल मागून."

दुसऱ्या दिवशी मुकुंदानं खुंटी पार आत घेतली. बुवा घोरू लागले. थोडी बाहेर काढली, बुवा गोड बोलू लागले. आणखी बाहेर काढली तर बुवा रागावले, आणि रागावले ते इतकं सुरेख की गोपाळशेटांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुकुंद चरकला. मग हळूहळू हसला. अरेच्चा! बुवा तर त्याच्या हातात आले होते.

ही गोष्ट लपून राहणारी नव्हती. मंडळी आधी बुवांच्या पाया पडत आणि मग हळूच पडवीत येत.

"मास्तर, आज जरा कडेला घ्या," गोपाळशेट म्हणत. "बुवा दोन शब्द तोडून बोलले की आठवडा बरा जातो."

"नको हो," एखादी म्हातारी म्हणे. "मला नातीचं नाव विचारायचंय. बारीकच असू दे."

"काल बारीकच होता!"

"काल मी नव्हते!"

ज्या मठात कधी आवाज चढला नव्हता तिथे खुंटी चार बोटं आत की बाहेर यावरून भांडणं होऊ लागली. मुकुंद कमरेला पाचर ठोकायची मोगरी खोचून फिरू लागला. फळी पाड, पाचर काढ, खुंटी सरकव, पाचर ठोक, फळी उचल. दोरी सुटली होती, पण आता त्याला जेवायलाही उसंत नव्हती. ओटीवर पुढे बसे तेव्हासुद्धा त्याचा एक कान पडवीत असे. दांडा करकरला की उठला.

त्यात त्याला सुख नव्हतं असंही नाही. मास्तर म्हणवून घ्यायला कुणाला आवडत नाही?

एका सकाळी असाच दांडा करकरला. मुकुंद खोबरेल घेऊन पडवीत गेला. खुंटीला तेल पाजलं, दांड्याच्या भोकाला पाजलं, चिंधीनं पुसून काढलं. करकर थांबली.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ओटीवरही सगळं थांबलंय.

तो दारात आला. कुणी हलत नव्हतं. सुभद्राकाकू उंबऱ्यावर बसून पदरानं डोळे पुसत होत्या. गोपाळशेट खाली मान घालून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा व्यापारी कुठेतरी निघून गेला होता.

"काय झालं?" मुकुंद कुजबुजला. "काय म्हणाले बुवा?"

गोपाळशेटांनी वर पाहिलं.

"तुम्ही होतात की इथेच."

"मी तेल घालत होतो! काकू, काय म्हणाले?"

"ते असं सांगता येत नाही रे, मुकुंदा."

मंडळी एकेक करून उठली. नेहमीची गडबड न करता घरी गेली. मुकुंद तेलकट चिंधी हातात धरून उभा राहिला.

मग तो झोपाळ्यासमोर गेला.

"बुवा, पुन्हा सांगा."

"काय?"

"मघाशी सांगितलंत ते."

"मला कुठे आठवतंय? मी झोक्यात होतो."

मुकुंद धावत पडवीत गेला. खुंटी जिथल्या तिथे होती. हलवलीच नव्हती! पाणी तेच, झोका तोच. तो ओटीवर येऊन बुवांच्या पायाशी बसला आणि कानात प्राण आणून ऐकू लागला.

झोपाळा पुढे गेला, मागे आला.

"यंदा वांग्यांना कीड फार," बुवा म्हणाले.

मुकुंद उठला. खुंटी बोटभर बाहेर घेतली.

बुवांनी बहिणीच्या लग्नातली पंगत सांगितली. बासुंदी कमी पडली होती.

खुंटी अर्धं बोट आत.

बुवा घोरले.

जरा बाहेर. आणखी जरा. पुन्हा आत. ऊन ओटीवरून अंगणात उतरलं, अंगणातून बागेत गेलं, तरी मुकुंदाची मोगरी थांबेना. घामानं सदरा पाठीला चिकटला. शेवटी पाचर ठोकताना घाव चुकला आणि अंगठ्यावर बसला.

त्यानं मोगरी दारातून ओटीवर फेकून दिली. फळी पाडली. तिथेच तबकडीखाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला, कारखान्यातल्या कुणी त्याला कधी पाहिलं नव्हतं तसा.

"बुवा... सगळ्यांना मिळालं. मी बांधलं, मी चालवलं... मलाच तेवढं नाही."

...

"मुकुंदा, मला उतरव."

त्यानं डोळे पुसले. बुवांना धरून खाली घेतलं.

"आता बस."

"कुठे?"

बुवांनी झोपाळ्याकडे हनुवटी केली.

"मी? त्यावर?"

त्या झोपाळ्यावर बुवांखेरीज कुणी बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मुकुंद भीतभीत टेकला. बुवांनी वाकून मोगरी उचलली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी पडवीत गेले.

"बुवा, पाचर डावीकडून ठोका!" मुकुंद बसल्याजागेवरून ओरडला.

ठक.

"डावीकडून! आणि कडेला नका नेऊ हं!"

ठक. ठक.

मग पाटाची फळी वर गेल्याचा आवाज आला. पाणी धावलं. चक्र कण्हलं. मुकुंदानं दोन्ही कड्या गच्च धरल्या, डोळे मिटले आणि भिंतीची वाट पाहू लागला.

भिंत आली नाही.

त्यानं डोळे उघडले. दारातून तबकडी दिसत होती. छान फिरत होती. खुंटी बरोबर मधोमध होती आणि जागच्या जागी गरगरत होती. दांडा तसूभर हलत नव्हता.

"बुवा, चुकलं! खुंटी मध्यावर बसली."

"हं."

"तिथे काही होत नाही, बुवा. चाक नुसतं फिरतं."

"बघतोय."

"खाच तिथवर न्यायलाच नको होती. माझीच चूक. ती जागा निकामी आहे."

"हं."

...

मुकुंदानं पायानं रेटा दिला. झोपाळा हलेना, दांड्यानं त्याला धरून ठेवलं होतं. आता करण्यासारखं काही उरलं नाही. मोगरी बुवांकडे होती. दोरी तर कधीच सुतळीच्या ढिगात गेली होती.

तो बसून राहिला.

चाकावरून पाणी पडत होतं. बागेत सुपारीची एक झावळ सुटली आणि सावकाश, बाकीच्या झाडांना घासत, खाली आली. इतके दिवस तो इथे होता, पण झावळ पडताना असा आवाज होतो हे त्याला ठाऊक नव्हतं. कड्यांवरची त्याची मूठ सैल झाली. खांदे खाली आले. ठणकणारा अंगठा ठणकत होता, तोही जरा दूर कुठेतरी.

सुभद्राकाकू भात टाकू का विचारायला आल्या. त्यांनी झोपाळ्याकडे पाहिलं आणि न विचारताच आत गेल्या.

चाक फिरत होतं.

बऱ्याच वेळानं बुवा पडवीतून आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले.

"बुवा..."

"काय?"

मुकुंदानं तोंड उघडलं. मिटलं.

"काही नाही."

...

बुवांनी मोगरी खाली ठेवली.

"मग सरक जरा. मलाही बसू दे."