ठिपकीचं पान आणि साखरेची करवंटी

भाजीच्या वाफ्यात होता चवळीचा वेल. वेलाच्या पानावर राहायची ठिपकी. एवढासा किडा. लाल पाठ, पाठीवर सात ठिपके. पानावरचा मावा, म्हणजे बारीक बारीक किडे, मटामटा खायची. वेल खूश, ठिपकीही खूश.

एके दिवशी मुंग्या आल्या. तुरु तुरु, तुरु तुरु. पानावर चढल्या. ठिपकीला ढकललं. ठिपकी पडली, टप्प.

"मुंग्यांनो, मुंग्यांनो, हला ना. पान मिळेना. मी उपाशी."

मुंग्या म्हणाल्या, "साखरेची करवंटी इथे, तर आम्ही इथे. करवंटी हलली तर आम्ही हलू."

ठिपकी गेली भुर्र.

"करवंटी, करवंटी, हल ना. मुंग्या हलेनात, पान मिळेना. मी उपाशी."

करवंटी म्हणाली, "मला कुठे पाय आहेत? शेवंताकाकूंनी ठेवलं मला. काकू हलल्या तर मी हलेन."

ठिपकी गेली भुर्र. काकू पायरीवर बसल्या होत्या.

"काकू, काकू, हला ना. करवंटी हलेना, मुंग्या हलेनात, पान मिळेना. मी उपाशी."

काकू म्हणाल्या, "अगं बाई, मुंग्यांना रोज साखर घालते मी. पण करवंटी ठेवली वाफ्यातच की. मुंग्यांची विषारी पावडर नाही हं टाकायची. मुंग्या मरतील, तूही मरशील. करवंटीच उचलते. पण मांडीवर बोका झोपलाय. बोका हलला तर मी हलेन."

ठिपकी गेली भुर्र, बोक्याच्या कानापाशी.

"बोक्या, बोक्या, हल ना. काकू हलेनात, करवंटी हलेना, मुंग्या हलेनात, पान मिळेना. मी उपाशी."

बोका म्हणाला, "पोटावर छान ऊन आलंय. ऊन हललं तर मी हलेन."

ठिपकी उडाली वर, भुर्र.

"उन्हा, उन्हा, हल ना. बोका हलेना, काकू हलेनात, करवंटी हलेना, मुंग्या हलेनात, पान मिळेना. मी उपाशी."

ऊन म्हणालं, "हलतंच आहे की मी. रोजच हलतं. जरा थांब."

ठिपकी थांबली. एवढ्याशा पोटात कावळे कोकलत होते. तरी थांबली.

ऊन हललं. बोक्यावर सावली आली.
बोका हलला. आळस देऊन खाली उतरला.
काकू हलल्या. उठल्या, वाफ्यात गेल्या.
करवंटी हलली. लांब पेरूखाली जाऊन बसली.
काकूंनी वाफ्याला पाणी घातलं, झुळझुळ. माती झाली ओली.
मुंग्या हलल्या. तुरु तुरु, तुरु तुरु, रांगेने पेरूखाली.
पान मिळालं.

ठिपकीने मावा खाल्ला, मटामटा, मटामटा. पोट भरलं.

दुसऱ्या दिवशी काकू साखर घेऊन निघाल्या. सवयीने वाफ्याकडेच चालल्या.

पानावरून ठिपकी म्हणाली, "काकू, इकडे नाही. पेरूखाली."

काकू वळल्या आणि पेरूखाली गेल्या.